मांडवपरतणीचं कलम

रहिमतपूरच्या हैबतराव निकमांनी चाळीस वर्षांत चारशेच्या वर लग्नं जमवली आणि एकही बैठक मोडू दिली नाही. दोन्हीकडची मंडळी हमरीतुमरीवर आलेली असोत, नवऱ्याचे चुलते उठून चपला शोधू लागलेले असोत, हैबतराव मांडी न मोडता विचारायचे, "पोहे कुनी केल्यात हो?" चुलते चपला सोडून पोह्यांबद्दल बोलायला बसायचे. तासाभरात याद्या लिहून व्हायच्या, सुपारी फुटायची आणि मघाशी एकमेकांची उणीदुणी काढणारी माणसं एकमेकांना व्याही म्हणत हातावर तंबाखू मळत बसलेली असायची.

असा माणूस वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी हेवीवेट बॉक्सिंगचे करार करू लागला, त्याला दोन कारणं झाली. एक त्यांचा भाचा शिवतेज. धाकट्या बहिणीचा, मालनबाईंचा हा एकुलता एक मुलगा साडेसहा फूट उंच होता, वजनाला एकशे अठरा किलो भरत होता आणि आशियाचा हेवीवेट विजेता होता. मालिकेत कोणाचं लग्न मोडलं की तो उशीत तोंड खुपसून रडायचा, ही गोष्ट घराबाहेर कोणाला माहीत नव्हती.

दुसरं कारण म्हणजे टिळा.

काही वर्षांपूर्वी एका परदेशी बॉक्सरकडून हॉस्पिटलच्या खाटेवरच फेरलढतीच्या कागदावर सही घेतली गेली होती. गडी शुद्धीत आहे की नाही, हेही कोणी पाहिलं नव्हतं. त्यावरून जगभर बोंब झाली आणि नवा नियम आला. बॉक्सिंगचा करार नुसत्या सहीने होणार नाही. बॉक्सरने आणि त्याच्या वतीने बोलणी करणाऱ्या माणसाने कपाळाला टिळा लावून एकेक वाक्य म्हणायचं, आणि ते मनापासूनचं निघालं तरच करार पक्का.

टिळा म्हणजे रुपयाएवढी मऊ पट्टी. अंधारात बॅटरीवर तळहात ठेवला तर हात आरपार लाल दिसतो, कारण प्रकाश कातडीतून आणि रक्तातून थोडा पलीकडे जातो. टिळ्यातून डोळ्यांना न दिसणारा असाच एक प्रकाश निघतो, कपाळाचं हाड ओलांडून मेंदूच्या पुढच्या भागात शिरतो आणि परत येतो. माणूस मनातलं बोलतो तेव्हा मेंदूला एकच काम असतं. खोटं बोलताना मात्र तीन कामं पडतात. खरं काय ते आठवायचं, ते दाबून धरायचं आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी उभं करायचं. कामं वाढली की तिथं ताजं, प्राणवायू भरलेलं रक्त धावतं. ताजं रक्त आणि शिळं रक्त प्रकाश वेगवेगळा शोषतात, तेवढ्यावरून टिळ्याला कळतं. तोंड आणि मन एक असेल तर टिळा हिरवा होतो, नसेल तर लाल. जगात खरं काय आणि खोटं काय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चंद्र चौकोनी आहे असं एखाद्याला मनापासून वाटत असेल, तर टिळा बिनदिक्कत हिरवा होतो.

या रुपयाएवढ्या पट्टीने बॉक्सिंगच्या धंद्यातल्या मोठमोठ्या वकिलांची दाणादाण उडवली. "आमच्याकडे दुसरा प्रतिस्पर्धी तयार आहे," लाल. "हा आमचा शेवटचा शब्द," लाल. एका नामांकित वकिलाने तर आत येताच हात जोडून "आपल्याला भेटून आनंद झाला" म्हटलं आणि कपाळ असं पेटलं की समोरची मंडळी आल्या पावली परत गेली. थापा मारणारे धंदेवाईक हळूहळू शेती-फार्महाऊस बघू लागले.

शिवतेजच्या लढती भरवणाऱ्या कंपनीला तेव्हा असा माणूस हवा होता, जो खोटं न बोलता सौदा जमवील. शिवतेज म्हणाला, "आमचे मामा."

हैबतरावांची कला टिळ्याला सापडणारी नव्हतीच. ते बैठकीत एकतर प्रश्न विचारत किंवा गप्प बसत. प्रश्न खरा नसतो आणि खोटाही नसतो. गप्प बसण्याचं तर विचारायलाच नको.

पहिली बैठक पुण्याच्या एका हॉटेलात झाली. शिवतेजला आव्हान देणारा येर्लान हा कझाकस्तानचा गडी, मानेने शिवतेजपेक्षाही जाड. त्याच्या वतीने बोलायला सेरीकबाय नावाचे एक म्हातारे आले होते. डोक्यावर भरतकामाची टोपी, मिशा खाली वळलेल्या. सगळ्यांच्या कानात भाषांतराची बोंडं होती. संमती अधिकारी म्हणून मृण्मयी पाटणकर नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी प्रत्येकाच्या कपाळाला टिळा चिकटवला, तेव्हा हैबतरावांनी सवयीने मान पुढे करून "अक्षता न्हाईत का?" असं विचारलं.

पैशाचं कंपन्यांनी आधीच आपसांत मिटवलं होतं. राहिला होता मानपान. हैबतरावांनी वही काढली, वर श्रीगणेशाय नमः लिहिलं, चार कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं आणि याद्या लिहायला घेतल्या. रिंगणात आधी कोण येणार, रिंगण केवढं, हातमोजे कुठले, राष्ट्रगीत कोणाचं पहिलं. पहिली लढत येर्लानच्या गावी, अल्माटीला, हे हैबतरावांनी लगेच मान्य केलं. मग शेवटचं कलम आलं. विजेता हरलाच, तर तीस दिवसांच्या आत फेरलढत मागायचा त्याला हक्क, आणि त्याने मागितली की समोरच्याने दुसऱ्या कोणाशी लढायचं नाही. हैबतरावांनी वहीत लिहिलं : मांडवपरतणी.

"लगीन झाल्याव जोडपं मुलीच्या मांडवात परत येतं का न्हाई?" ते सेरीकबायना म्हणाले. "तसंच. एक तुमच्या अंगणात, एक आमच्या मांडवात."

सेरीकबाय काही बोलले नाहीत. हैबतरावही मग गप्प बसले. एक तास गेला. हे अस्त्र आपल्यावर कोणीतरी उलटं चालवतंय, हे हैबतरावांच्या दुसऱ्या तासाला ध्यानात आलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. पाटणकरबाईंना वाटलं टिळे बिघडले, त्यांनी दोनदा बॅटऱ्या बदलल्या. शिवतेज आणि येर्लान एकाच कोचावर बसून मोबाइलवर गाढवांचे व्हिडिओ बघत होते.

तीन तास चाळीस मिनिटांनी सेरीकबायनी समोरच्या बशीतला साबुदाणावडा उचलला, निरखला आणि विचारलं, "हे कोणी केलंय?"

हैबतरावांनी वही मिटली. "किती लग्नं जमवलीसा?"

"तीनशे सत्तर," सेरीकबाय म्हणाले. टिळा हिरवा.

"आमची चारशे बारा. आनि ह्यो येर्लान कोन तुमचा?"

"बहिणीचा मुलगा. आमच्याकडे भाच्याने मामाकडे तीन गोष्टी मागायच्या असतात. मामाने नाही म्हणायचं नाही."

"आमच्याकडं मोजत न्हाईत," हैबतराव म्हणाले.

पुढच्या दहा मिनिटांत मांडवपरतणीचं कलम मंजूर झालं. दोन्ही बॉक्सरांनी नियमातलं वाक्य म्हटलं, "मला ही लढत लढायची आहे." दोन्ही मामांनी त्यांचं म्हटलं, "या करारात माझ्या माणसाचं भलं आहे." चारही कपाळं हिरवीगार झाली. शिवतेजने सुपारी ताटात ठेवली आणि मुठीच्या एका दणक्यात फोडली. हैबतरावांना कवळीमुळे सुपारी चालत नसे. त्यांनी आपला तुकडा कपाळाला लावून खिशात टाकला.

लढत अल्माटीला झाली. आठ फेऱ्या शिवतेज पुढे होता. नवव्या फेरीत येर्लानचा डावा हात कुठून आला ते कोणालाच दिसलं नाही. शिवतेज पडला, आठ आकडे मोजल्यावर उठला, पण पंचाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि लढत थांबवली.

कपडे बदलायच्या खोलीत हैबतराव भाच्याच्या मानेवर बर्फ धरून बसले होते. शिवतेज शांतपणे म्हणाला, "मामा, आपली लढत किती वाजता हाय?"

"झाली लेका."

"बरं." त्याने मोजे काढलेले हात पाहिले. दोन मिनिटं गेली. "मामा, आपली लढत किती वाजता हाय?"

प्रशिक्षक मघाशीच बाहेर गेले होते. हैबतरावांनी पुन्हा सांगितलं. शिवतेजने पुन्हा "बरं" म्हटलं. आणि तिसऱ्यांदा त्याने तेच विचारलं, अगदी त्याच आवाजात, लहानपणी यात्रेला कधी निघायचं असं विचारायचा तसं. हैबतराव म्हणाले, "हाय अजून येळ. पड जरा." कपाळाला टिळा नव्हता, ते बरं झालं.

तासाभरात शिवतेज भानावर आला, त्याने भरपेट जेवणही केलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि 'तात्पुरता विसर, काळजीचं कारण नाही' असं लिहून दिलं. ते तीन प्रश्न त्याला स्वतःलाही आठवत नव्हते. हैबतरावांनी ते कोणालाच सांगितले नाहीत, आणि आपण घाबरलो आहोत हेही स्वतःशी कबूल केलं नाही.

रहिमतपुरात मात्र कोणी हरल्यासारखं वागत नव्हतं. फेरलढतीचे फ्लेक्स लागले होते, त्यांवर शिवतेजपेक्षा सरपंचांचा फोटो मोठा होता. शिवतेज पहाटे डोंगर चढून उतरत होता. तिसाव्या दिवशी दुपारी बैठक ठरली होती, संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. सराव म्हणून पाटणकरबाईंनी एक जास्तीचा टिळा पाठवून दिला होता. आदल्या दिवशी दुपारी हैबतराव तो लावून कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले.

"माझं नाव हैबतराव," ते म्हणाले. हिरवा.

"या करारात माझ्या माणसाचं भलं आहे."

कपाळावर जणू कोणी मळवट भरला.

यंत्र बिघडलं असणार, असं म्हणून त्यांनी टिळा पुसून पुन्हा लावला. मग त्यांनी स्वतःची समजूत घालायला घेतली. पोराची इच्छा आहे, तपासण्या चांगल्या आहेत, मांडव आपला आहे. एवढी समजूत त्यांनी आजवर कुठल्या नवरीच्या बापाचीही घातली नव्हती. वाक्य पुन्हा म्हटलं. लाल.

इतक्यात मालनबाई चहा घेऊन आल्या. भाऊ आरशासमोर लाल टिळा लावून उभा पाहून त्या दारातच थबकल्या. पण टिळा म्हणजे काय, हे एव्हाना गावातल्या शेळ्यांनाही कळत होतं.

"दादा, खरं सांग," त्या म्हणाल्या. "माज्या हातची आमटी आवडती का तुला?"

"आवडती की."

"लालभडक! तीस वर्सं वरपतूयास की रं मेल्या!" त्या हसता हसता खाटेवर बसल्या. मग त्यांचं हसू ओसरलं. "दादा, पोराला काय व्हनार न्हाई न्हवं?"

हैबतराव गप्प बसले. मालनबाईंनी भावाच्या शेकडो बैठकी दाराआडून ऐकल्या होत्या. तो कधी आणि कशासाठी गप्प बसतो, हे त्यांना टिळ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी पदराचं टोक ओढून घेतलं आणि चहा तिथंच ठेवून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशीची बैठक गावातल्या मंगल कार्यालयात होती, कारण मांडव आपला. सेरीकबाय आणि येर्लान आले, त्यांना फेटे बांधले गेले. येर्लानच्या डोक्याला तीन फेटे जोडावे लागले. याद्या अर्ध्या तासात झाल्या. भांडायला काही उरलंच नव्हतं. पोहे मालनबाईंनी केले होते आणि कोणी न विचारता सगळ्यांनी त्यांची तारीफ केली.

शिवतेज उभा राहिला. "मला ही लढत लढायची आहे." हिरवा. बाहेर खिडक्यांना लोंबकळलेल्या गर्दीने शिट्ट्या मारल्या. येर्लानने म्हटलं. हिरवा. मग पाटणकरबाई हैबतरावांकडे वळल्या.

हैबतराव गप्प बसले.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. "निकमकाका," पाटणकरबाई हळूच म्हणाल्या, "इथं गप्प बसून चालत नाही. वाक्य म्हणावंच लागतं. तीन वेळा म्हणायची मुभा आहे."

हैबतरावांनी म्हटलं. त्यांना स्वतःचं कपाळ दिसत नव्हतं, पण समोरच्या चेहऱ्यांवरून कळलं. त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं, डोळे मिटून. तिसऱ्यांदा म्हटलं ते इतक्या हळू, की पाटणकरबाईंना टिळ्याकडेच बघावं लागलं. खिडकीतल्या शिट्ट्या बंद झाल्या.

"दुसरा माणूस उभा करा," सरपंच खिडकीतून ओरडले. "मी म्हणतो की वाक्य!"

"नावनोंदणीला तीन दिवस लागतात," पाटणकरबाई म्हणाल्या. घड्याळात पावणेपाच झाले होते.

सेरीकबायनी आपल्या कपाळाचा टिळा सोलून काढला आणि पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला. "मला विचारूच नका," ते म्हणाले. "आठ फेऱ्या ह्यानेही मार खाल्लाय." येर्लानने फेट्याखालून मामांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

शिवतेज मात्र उसळला. खुर्ची मागे पडली. "मामा, अख्खं गाव म्हनतंय मी जिंकनार. चार वर्सं त्या विजेत्याच्या पट्ट्यासाठी घाम गाळला मी. आनि तुमचाच माज्यावर भरवसा न्हाई! सरळ सांगा की सगळ्यांम्होरं, मी त्याला हरवू शकत न्हाई म्हनून!"

अशा वेळी पोह्यांबद्दल विचारायचं असतं. चाळीस वर्षं विचारलं होतं. हैबतरावांनी तोंड उघडलंही त्यासाठीच, पण भाच्याचा चेहरा पाहिला आणि तो प्रश्न त्यांच्याच्याने विचारवेना.

"तू त्याला हरवशील," ते म्हणाले. "सातव्या फेरीच्या आत पाडशील."

शिवतेज त्यांच्या कपाळाकडे रोखून बघत होता. त्याच्या भरलेल्या डोळ्यांत हैबतरावांना दोन बारीक हिरवे ठिपके दिसले.

"मग?" शिवतेजचा आवाज खाली आला.

"अल्माटीला लढत झाल्याव तू मला इचारलंस, मामा, आपली लढत किती वाजता हाय. मी सांगितलं, झाली. तू पुना इचारलंस. तिसऱ्या बारीला मी तुला खोटं सांगितलं, अजून येळ हाय म्हनून." हिरवे ठिपके हलले नाहीत. "तू जिंकून आलास आनि पुना तसंच इचारलंस, तर म्या काय सांगू? माज्यात ती ताकद न्हाई, शिवा. मला भ्या वाटतं."

शिवतेज उभ्या जागी घुटमळला. "मला न्हाई आठवत."

"त्येच की रं."

दाराआडून मालनबाईंचा हुंदका ऐकू आला. शिवतेजने पडलेली खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर बसला. त्याचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते आणि तो त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिला, त्या दिवशी खोलीत पाहत होता तसाच. घड्याळात पाच वाजले. पाटणकरबाईंनी नियमाप्रमाणे कलम रद्द झाल्याची नोंद केली आणि डोळे पुसले, तेही नियमात बसत असावं.

ताटातली सुपारी तशीच होती. ठरलं की फोडायची, म्हणून कोणी तिला हात लावला नव्हता. शिवतेजने ती उचलून समोर ठेवली. मूठ वर नेली, क्षणभर थांबवली, आणि खाली आणली. तिचे चार तुकडे झाले. एक त्याने येर्लानला दिला, एक सेरीकबायना, एक स्वतः घेतला. सर्वांत मोठा मामांच्या हातावर ठेवला आणि त्यांच्या पायांशी वाकला.

हैबतरावांनी या खेपेला तुकडा खिशात टाकला नाही. तोंडात टाकला आणि कवळीची पर्वा न करता चावला. आत कुठंतरी कडकन वाजलं.

"मामा," शिवतेज नाक ओढत म्हणाला, "लागली न्हवं? कडक हाय का लई?"

"छ्या," हैबतराव म्हणाले. "मऊ हाय की."

आणि त्यांचं कपाळ लालभडक झालं.